पार्किन्सन्सवर ‘इलाज सापडला’ असा मेसेज आला की काय करायचं

अधूनमधून तो मेसेज येतोच. जपानने पार्किन्सन्सवर इलाज शोधला, मेंदूतल्या मेलेल्या नसा परत उगवणार, सगळ्या ग्रुपवर पाठवा. ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांच्या हातातलं काम तिथेच थांबतं, कोणीतरी मुंबईच्या भाच्याला फोन लावतो, कोणीतरी पैसे किती लागतील विचारतो. माझे काका देवगडकडे, जन्मभर हापूसची कलमं बांधली त्यांनी, आता उजवा हात थरथरतो आणि चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. असा मेसेज कोणी वाचून दाखवला की ते मला विचारतात, ‘माका बरो करतले मां?’ मी शाळेत विज्ञान शिकवतो, डॉक्टर नाही, पण त्यांना खरं उत्तर द्यायचं म्हणून या संशोधनामागे लागून जे काही वाचलं समजून घेतलं ते इथे लिहितोय. बातमी कशी तपासायची, आणि तो इलाज गावापर्यंत येईपर्यंत घरी काय करायचं, दोन्ही.

आधी कुठल्या नसेबद्दल बोलतायत ते बघा

कोयत्याने बोट कापलं, नस (रक्ताची नाही, जाणीव नेणारी) तुटली, बोट बधिर झालं, तर ती नस नीट जुळवली गेल्यास तुटलेल्या टोकापासून नवा धागा पुढे वाढतो. वेग साधारण दिवसाला १ मिलिमीटर. म्हणून जखम मनगटाशी असेल तर बोटाच्या टोकाला जाणीव यायला महिने जातात, पण ती येऊ शकते. हातापायातल्या नसांभोवती श्वान नावाच्या पेशी असतात त्या तुटलेल्या जागेतला कचरा साफ करतात आणि नव्या धाग्याला वाट करून देतात.

मेंदूत आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत हे होत नाही. स्पेनचे सान्तियागो रामोन इ काहाल, ज्यांना १९०६ चं नोबेल मिळालं, त्यांनी १९२८ मध्येच लिहून ठेवलं होतं की मोठ्या माणसाच्या मेंदूतले मार्ग ठरून गेलेले असतात, तिथे नवं उगवत नाही. पुढे १९८१ मध्ये माँट्रियलला आल्बर्ट आग्वायो यांच्या टीमने एक प्रयोग केला, उंदराच्या पायातल्या नसेचा तुकडा घेऊन मज्जारज्जूला जोडला, आणि मज्जारज्जूतले धागे त्या तुकड्यातून चांगले लांबपर्यंत वाढले. म्हणजे वाढायची ताकद पेशीत थोडीफार असते, आजूबाजूची जागा तिला अडवते. झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी मग अडवणारं एक प्रोटीन शोधलं, त्याला नोगो म्हणतात. मज्जारज्जूच्या दुखापतीसाठी त्यावर अजून काम चालूय.

आता पार्किन्सन्समध्ये गोष्ट अजून वेगळी. इथे धागा तुटलेला नसतो, पेशीच मरतात. मेंदूच्या बुंध्याशी सबस्टँशिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा आहे, तिथल्या पेशी डोपामिन बनवून मेंदूच्या आतल्या भागाला पुरवतात आणि त्याच्या जोरावर आपली हालचाल सहज होते. हात थरथरायला लागेपर्यंत तिथल्या साधारण अर्ध्या पेशी गेलेल्या असतात, आणि त्यांच्या टोकांचं नुकसान त्याहूनही जास्त झालेलं असतं. हातापायाच्या नसा मात्र बहुतेकांच्या ठीकच असतात. म्हणून ‘नसा मोकळ्या करणारं’ तेल चोळून हा आजार हटणार नाही. मालिशने अंगाचा ताठरपणा जरा सैल पडतो, बरं वाटतं, तेवढ्यासाठी घरचं खोबरेल पुरे, हजारो रुपयांची बाटली कुरिअरने मागवू नका.

पार्किन्सन्सची गोळी कुठून आली ते माहीत असलं तर बातम्या पटकन कळतात

ही गोष्ट मला फार आवडते कारण तिची सुरुवात आपल्या रानात आहे. सर्पगंधा सह्याद्रीच्या जंगलात उगवते, मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ती ब्लडप्रेशरवर कशी चालते याचा अभ्यास छापला आणि जगाचं तिकडे लक्ष गेलं, मग तिच्यातून रेसरपिन वेगळं केलं गेलं. स्वीडनमध्ये आरविद कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास तेच रेसरपिन सशांना दिलं तर ससे निपचित पडले, आणि मग एल-डोपा (म्हणजेच लेवोडोपा, ज्याचं शरीरात डोपामिन बनतं) टोचल्यावर थोड्याच वेळात उठून हलायला लागले. रेसरपिनने डोपामिन रिकामं केलं होतं, एल-डोपाने भरून काढलं. १९६० मध्ये व्हिएन्नाला ओलेह होर्निकिएविच यांनी पार्किन्सन्सने गेलेल्या माणसांच्या मेंदूत डोपामिन फारच कमी असल्याचं दाखवलं, १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉटझियास यांनी एल-डोपा तोंडावाटे हळूहळू वाढवत देऊन पेशंट चालते केले. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं. आज मेडिकलमधून जी लेवोडोपा-कार्बिडोपाची गोळी आणतो ती हीच.

लक्षात घ्या, ही गोळी कमी पडलेलं डोपामिन भरते, मेलेली पेशी परत आणत नाही. बातमी वाचताना पहिलं हेच ठरवायचं, यात लक्षणं कमी करायची गोष्ट आहे, पेशी मरण्याचा वेग कमी करायची आहे, का नवीन पेशी लावायची. तिन्ही गोष्टींना पेपरवाले ‘इलाज’च म्हणतात.

नवीन पेशी लावणं म्हणजे कलमच

काकांना मी असंच सांगितलं आणि त्यांना ते लगेच कळलं. कलम बांधलं की कोणी म्हणत नाही आंबे आले. आधी ते जगायला हवं, मग जोर धरायला हवा, फळाला वर्षं लागतात, आणि मूळ झाडाला लागलेला रोग कलमावरही येऊ शकतो. मेंदूत लावलेल्या पेशींचं अगदी हेच झालं.

१९८७ मध्ये स्वीडनच्या लुंड शहरात आंडर्स ब्यॉर्कलुंड आणि ओले लिंडवाल यांच्या टीमने गर्भपातातल्या भ्रूणाच्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी पार्किन्सन्सच्या पेशंटच्या मेंदूत लावायला सुरुवात केली. काही पेशंट खरंच बरेच सुधारले, वर्षानुवर्षं. सगळीकडे आनंद झाला. मग अमेरिकेत ४० पेशंट घेऊन कडक ट्रायल केली, निम्म्यांना पेशी लावल्या आणि निम्म्यांच्या कवटीला फक्त भोक पाडून बंद केलं, कोणाला काय झालं ते पेशंटला माहीत नाही. २००१ मध्ये निकाल आला. आपण किती सुधारलो असं पेशंटना विचारलं तर दोन्ही गटांत फरक नाही. साठीच्या आतल्यांना मोजमापात थोडा फायदा दिसला, पण काहींना नंतर न थांबणारे हातवारे सुरू झाले. पुढे २००८ मध्ये आधी पेशी लावलेल्या आणि नंतर वारलेल्या काही जणांचे मेंदू तपासले तेव्हा लावलेल्या तरुण पेशींतसुद्धा लेवी बॉडी सापडल्या, म्हणजे या आजारात अल्फा-सायन्यूक्लिन नावाच्या प्रोटीनच्या ज्या गुठळ्या होतात त्याच.

तरी लोकांनी काम सोडलं नाही. २००६ मध्ये क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशी मागे नेऊन परत मूळ पेशींसारख्या (स्टेम सेल, ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात) केल्या, पुढच्या वर्षी माणसाच्याही केल्या, त्यांना आयपीएस पेशी म्हणतात आणि त्याबद्दल २०१२ चं नोबेल मिळालं. आता भ्रूणावर अवलंबून राहायला नको. क्योटोमध्येच जुन ताकाहाशी यांच्या टीमने निरोगी माणसाच्या पेशींपासून डोपामिनच्या होऊ घातलेल्या पेशी बनवून ७ पेशंटच्या मेंदूत लावल्या, एप्रिल २०२५ मध्ये नेचर या मासिकात निकाल आला. दोन वर्षांत गंभीर त्रास कोणाला नाही, फायदा तपासला त्या ६ पैकी ४ जणांची गोळीचा असर उतरलेल्या वेळेतली हालचाल सुधारली, स्कॅनमध्ये डोपामिन बनताना दिसलं. त्याच वेळी अमेरिका-कॅनडातल्या १२ पेशंटचाही असाच अभ्यास आला, त्यात पेशी मात्र भ्रूणाच्या मूळ पेशींपासून बनवलेल्या.

जपानचा मेसेज म्हणतात तो हा. बातमी खोटी नाही, चांगली आहे, मनापासून आनंद व्हावा अशी. पण ७ आणि १२ माणसं, आणि दोन्हीकडे तुलनेला खोटं ऑपरेशन केलेला गट नव्हता. पेशी सुरक्षित आहेत का आणि जगतात का हे बघायच्या या ट्रायल होत्या, किती गुण येतो ते मोठ्या ट्रायलमध्येच कळेल.

मेसेज हातात आला की हे विचारा

उंदीर का माणूस? २०२० मध्ये एक बातमी गाजली, उंदराच्या मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींचं एक प्रोटीन कमी केलं तर त्यांचेच न्यूरॉन (मेंदूतल्या संदेश नेणाऱ्या पेशी) झाले आणि पार्किन्सन्स गेला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या लॅबने पेशींचा वंश नीट शोधत नेला तर ते ‘नवे’ न्यूरॉन आधीपासूनचेच निघाले. वाद अजून आहे. उंदरातली बातमी वाचून कोणाला आशा लावू नका.

तुलनेचा गट होता का, हा प्रश्न मी सगळ्यात महत्त्वाचा धरतो, आणि पार्किन्सन्समध्ये तर जास्तच. व्हँकुव्हरच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की या पेशंटना साधं खोटं औषध दिलं तरी मेंदूत खरंखुरं डोपामिन सुटतं, बरं वाटेल या आशेनेच. म्हणजे इंजेक्शननंतर उठून चालणाऱ्या आजोबांचा व्हिडिओ खोटा नसेल, आजोबा खरंच त्या दिवशी चालले असतील, पण त्यावरून इंजेक्शनात काही होतं हे ठरत नाही. इंग्लंडात ब्रिस्टलला जीडीएनएफ नावाचं पेशींना जोर देणारं प्रोटीन नळीने थेट मेंदूत सोडायची ट्रायल झाली, २०१९ मध्ये निकाल आला, नऊ महिन्यांनी खरं औषध घेणारे आणि खोटं घेणारे यांच्यात ठरवलेल्या मोजमापात म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्याआधी काही मोजक्या पेशंटवर, तुलनेच्या गटाशिवाय, तेच औषध फार छान वाटलं होतं.

आणि शेवटचं, पैसे कोण भरतंय. आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय नियमावलीप्रमाणे रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्येच देता येतात, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदणीत असावीच लागते, नेटवर कोणालाही बघता येते. तेव्हा शहरातल्या हॉटेलात शिबिर भरवून कोणी पोटातली चरबी काढून तिच्या स्टेम सेल परत टोचतो म्हणाला, पॅकेज सांगितलं, तर एवढंच विचारा, सीटीआरआयचा नंबर द्या. आमच्या ओळखीतल्या एका घराने यासाठी बागेचा तुकडा विकला, आजी होत्या तशाच राहिल्या. ते घर अडाणी नव्हतं, माया होती म्हणून फसलं. म्हणून घरातल्या सगळ्यांनी हे प्रश्न आधीच ठरवून ठेवा, ऐन वेळी विचारायचं धैर्य होत नाही.

तोपर्यंत घरी

गोळीची वेळ हा निम्मा उपचार आहे असं माझं मत झालंय. लेवोडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना जेवणातल्या प्रोटीनशी एकाच दारातून जाते, त्यामुळे मासे, अंडी, कुळथाची पिठी, डाळ यांच्यासोबत गोळी घेतली की काहींना ती चढतच नाही. जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर तासाभराने घ्यायची. सकाळची उकड्या तांदळाची पेज या बाबतीत फार सोयीची, प्रोटीन कमी, आणि सुरुवातीला गोळीने मळमळतं त्यांना तिच्यासोबत घेता येते. बांगड्याचं कालवण बंद करायची काहीच गरज नाही, गोळीपासून लांब ठेवा, फारच अडचण होत असेल तर मासे रात्रीच्या जेवणात घ्या. लोहाची गोळी चालू असेल तर तीही वेगळ्या वेळेला, ती लेवोडोपाला बांधून ठेवते. बद्धकोष्ठ असलं तरी गोळी उशिरा चढते त्यामुळे पाणी, भाज्या, केळं याकडे लक्ष द्या.

गोळी एकदम बंद करू नका, कोणी सांगितलं तरी. जोराचा ताप, अंग लाकडासारखं होणं, शुद्ध हरपणं असं जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे पावसात घाट बंद होतो, लाइट जाते, मेडिकलमध्ये माल येत नाही, म्हणून मिरगाच्या आधीच दोन-तीन आठवड्यांचा जास्तीचा साठा घरात हवा, आणि स्ट्रिप फाडून गोळ्या डबीत काढून ठेवू नका, दमट हवेत खराब होतात.

खाजकुयलीबद्दल सगळे विचारतात. हो, तिच्या बियांत खरंच एल-डोपा असतं, १९३७ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी ते वेगळं काढून दाखवलं. म्हणूनच ती जपून. बीगणिक प्रमाण बदलतं, गोळी चालू असताना वरून चूर्ण घेतलं तर डोस जास्त होऊन हातवारे, भास, बीपी उतरणं असं होऊ शकतं. घ्यायचीच असेल तर न्यूरॉलॉजिस्टला सांगून, आणि आधीच घेत असाल तर लपवू नका.

यापेक्षा जास्त धोका मला दुसरीकडेच दिसतो. चक्कर येते, उलटी होते म्हणून गावात जी साधी औषधं मिळतात त्यातली काही डोपामिन अडवतात: मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन, आणि मानसिक त्रासासाठीचं हॅलोपेरिडॉल. पेशंटला यांनी आजार वाढल्यासारखा होतो, आणि आजार नसलेल्या माणसालाही पार्किन्सन्ससारखी लक्षणं येऊ शकतात, जी औषध थांबवल्यावर बहुतेक वेळा हळूहळू जातात. ही नावं कागदावर लिहून पेशंटच्या खिशात ठेवा, कुठल्याही डॉक्टरला आधी दाखवा. जुनी चालू औषधं मात्र विचारूनच बदला.

व्यायाम रोज, आणि जरा दम लागेल असा. ओहोटीच्या वेळची ओली घट्ट वाळू चालायला छान, कोरडी भुसभुशीत नको. मुद्दाम मोठी पावलं, हात हलवत. दारात, उंबरठ्याशी पाय अडकले तर हाताला धरून ओढू नका, माणूस तोंडावर पडतो. थांबा, श्वास घ्या, एक-दोन मोजत पाऊल टाकायला सांगा. पडवीत जिथे पाय अडकतात तिथे पावला-पावलावर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवा, त्या ओलांडायच्या म्हटलं की पाय उचलला जातो, कारण नजरेच्या आधाराने चालणं मेंदूच्या वेगळ्या वाटेने होतं. टाळाच्या ठेक्यावरही काकांची चाल सुधारते. भजनात मोठ्याने गायला लावा, आवाज बसत जातो त्यालाही उपयोग होतो. पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं ते घासून काढा, न्हाणीत धरायला दांडा बसवा, आणि मागून पट्टा नसलेली रबरी चप्पल बंद करा.

ज्यांना अजून आजाराचं नाव लागलं नाही त्यांच्यासाठीही थोडं. चुलीवर सुकी मासळी भाजली तरी वास न येणं, झोपेत ओरडणं आणि लाथा मारणं, अक्षर बारीक होत जाणं, चालताना एकच हात न हलणं, ही लक्षणं थरथरीच्या आधी, कधी कधी कित्येक वर्षं आधी दिसतात. यातलं एखादं दिसलं म्हणजे आजार आहेच असं नाही, पण झोपेतल्या ओरडण्याला बाहेरचं काही लागलं म्हणून गाऱ्हाणं घालून थांबू नका, दाखवून घ्या. आणि काहींचा हात कधीच थरथरत नाही, फक्त सगळं हळू होतं, त्याला म्हातारपण समजून लोक वर्षं घालवतात.

डॉक्टरकडे जाताना

सिंधुदुर्गातले बरेच जण गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलला जातात, रत्नागिरीकडचे कोल्हापूर नाहीतर मुंबई. एवढं लांब जायचं आणि आत दहा मिनिटं मिळतात, त्यात पेशंट गोळी घेऊन गेला असेल तर डॉक्टरला तो बराच दिसतो. म्हणून गोळी उतरलेल्या वेळेचा चालतानाचा व्हिडिओ फोनवर घेऊन जा. आठवडाभर वहीत लिहा, गोळी किती वाजता, चढली कधी, उतरली कधी, जेवण कधी. पाच-सहा वर्षांनी गोळीचा असर मध्येच उतरायला लागला तर मेंदूत तार बसवायचं ऑपरेशन, डीबीएस, याबद्दल विचारा, ते ग्रेनोबलला आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ पासून सुरू केलं आणि आज भारतात मोठ्या शहरांत होतं, सगळ्यांना लागू पडत नाही आणि तेही पेशी परत आणत नाही, पण योग्य पेशंटला फरक मोठा पडतो. पेशी लावायच्या ट्रायलबद्दलही तिथेच विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईची पीडीएमडीएस संस्था आहे, दोन्हीकडे मराठीत बोलणारी आणि यातून गेलेली माणसं भेटतात.

आणि मोतीबिंदू, हर्निया, हाड मोडणं अशा दुसऱ्याच कारणाने कुठे भरती करावं लागलं तर पहिल्याच दिवशी नर्सताईंना गोळ्यांच्या वेळा लिहून द्या, वॉर्डच्या औषधाच्या फेरीची वेळ आणि आपल्या गोळीची वेळ एक नसते हे सांगा, आणि स्वतःच्या गोळ्या सोबत न्या.